गार्डसाहेबांचा झरोका

रातासर हे गाव नकाशात शोधू नका, सापडणार नाही. तिथल्या लोकांनी मला घरात घेतलं, पोटभर जेवू घातलं आणि नवरा-बायकोमधली एक गोष्ट माझ्या देखत घडू दिली. तेव्हा निदान गावाचं नाव आणि माणसांची नावं तरी बदलावीत, एवढी रीत मी पाळली आहे. बाकी सगळं घडलं तसं लिहिते. राजस्थानात वाळवंटाच्या अंगाला हे रेल्वेचं गाव आहे. रेल्वेनेच ते वसवलं आणि आता रेल्वेच हळूहळू त्याला सोडून चालली आहे. पर्यटक तिथे जात नाहीत, आणि जाण्यासारखं तिथे काही नाहीही. मी गेले ते एक काम बंद करायला.

काम म्हणजे ‘झरोका’. इंटरनेटची पानं उघडून दाखवणारा प्रोग्राम असतो ना, ब्राउझर, तसाच एक आमचा. ‘आमचा’ हा शब्द जरा सैल आहे, कारण तो कुणाच्याच मालकीचा नव्हता. कुणीही त्याचं पोट उघडून पाहावं, बिघडलं असेल ते दुरुस्त करावं, आणि वर इतरांना फुकट द्यावं, असा तो मोकळा कारभार. इतरांनी भंगारात काढलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो चालायचा, म्हणून खेड्यापाड्यांतल्या शाळांत आणि वाचनालयांत पोचला. मी तेव्हा नवी मुंबईत महाप्याला एका कंपनीत नोकरी करत होते आणि संध्याकाळी घरी बसून त्यातली बटणं मराठीत आणायचे. पुण्याचा एक, केरळातले दोघं, असे आम्ही मूठभर लोक होतो. आणि ज्याने हे सगळं सुरू केलं तो माणूस होता रातासरचा, मालगाडीचा गार्ड. रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, इतर लोक पत्ते कुटायचे तेव्हा हा पुस्तकं वाचून प्रोग्रामिंग शिकला. भंवरलालजी त्यांचं नाव. आम्ही सगळे त्यांना गार्डसाहेब म्हणायचो, पण प्रत्यक्ष कुणीच कुणाला पाहिलं नव्हतं.

पुढे जग पुढे गेलं आणि झरोका मागे राहिला. वापरणारे गळाले. शेवटी त्यात एक अशी भेग सापडली की तिच्यातून बाहेरचा माणूस आत डोकावू शकला असता. ती बुजवायला आमच्याकडे वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेवढी अक्कलही उरली नव्हती. म्हणून सर्वांनी ठरवलं, रीतसर बंद करायचा. ‘झरोका बंद झाला आहे, कृपया दुसरा ब्राउझर घ्या’ एवढी सूचना लावायची, तिच्यापुढे कोणतंही पान उघडणार नाही असं करायचं आणि उतरवून घ्यायची सोय काढून टाकायची. ते करण्याची किल्ली एकट्या गार्डसाहेबांकडे होती. आम्ही फोन केला की ते म्हणायचे, “हां सा, कर देंगे.” पावसाळा गेला, दिवाळी गेली, सूचना काही लागेना. कुणीतरी जाऊन भेटायला हवं असं ठरलं, आणि रजा शिल्लक होती म्हणून मीच निघाले.

बोनकोड्याच्या घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “वालवंटान कं करशील जाऊन? तिथं पानी तरी हाय का?” आणि एवढं बोलून तिने माझ्या पिशवीत तांदळाचं पीठ आणि सुकट भरली. सुकट मी हळूच बाहेर काढून ठेवली. पीठ नेलं.

रातासर स्टेशन

प्रवासाचं पुराण सांगत नाही. रात्रभराची मोठी गाडी आणि पुढची छोटी गाडी, दोन्हींत मी बहुतेक झोपले होते. छोटी गाडी इतकी छोटी की रातासरच्या लांबलचक फलाटाच्या एका कोपऱ्यातच ती संपली. पुढचा सगळा फलाट मोकळा, त्यावर वाऱ्याने आणलेली वाळू आणि वाळूवर बसलेल्या शेळ्या. पाटीवर गावाच्या नावापुढचा ‘जंक्शन’ हा शब्द पिवळ्या रंगाने पुसला होता, पण जुना काळा रंग खालून वर आला होता. पूर्वी इथून तीन दिशांना गाड्या जायच्या. त्यातला एक फाटा मिठाच्या आगरांकडे जायचा. रूळ रुंद करायची वेळ आली तेव्हा एकच मार्ग रुंद झाला, दोन तसेच राहिले आणि मग उखडले गेले. फलाटाच्या टोकाला वाफेच्या इंजिनांना पाणी पाजणारी लोखंडी सोंड अजून उभी आहे. तिच्यात चिमण्यांची घरटी आहेत.

मला घ्यायला कुणी आलेलं दिसलं नाही. पत्ता विचारत रेल्वेच्या वसाहतीत गेले. दगडी क्वार्टरांच्या रांगा, सगळ्यांची बांधणी सारखी, निम्म्यांची दारं-खिडक्या काढून नेलेली. वसाहतीच्या टोकाला गार्डसाहेबांचं स्वतःचं घर, निवृत्तीनंतर बांधलेलं. कडी वाजवली. समोरच्या ओट्यावर धान्य निवडणाऱ्या बाई ओढणी सावरत म्हणाल्या, “घरै कोनी.”

आता आमच्या आगरी बोलीत ‘कोनी’ म्हणजे कुणी. शाळेत बाईंनी छडी घेऊन ‘कोणी म्हण, कोणी’ असं घोकून घेतलं तरी कान घरचेच राहतात. मला वाटलं बाई सांगतायत, घरी कुणीतरी आहे. मी पुन्हा कडी वाजवली. बाई जरा मोठ्याने म्हणाल्या, “कोनी, कोनी!” मी हसून मान हलवली आणि आणखी जोरात वाजवली. मग त्या उठूनच आल्या आणि दोन्ही हात हलवून, बहिऱ्या माणसाला सांगावं तसं सांगितलं, तेव्हा उजेड पडला. मारवाडीत ‘कोनी’ म्हणजे ‘नाही’. मी त्या बंद दाराच्या पायरीवर मुकाट्याने बसले.

थोड्या वेळाने सायकल ढकलत एक उंच, वाळकेसे गृहस्थ आले. पांढरा सदरा, इस्त्रीची पँट, पायांत पॉलिश केलेले काळे बूट. बरोबर त्यांची बायको, गवरीबाई, चालत. दोघंही स्टेशनवर मला घ्यायलाच गेले होते.

“मैं तो वहीं खड़ा था बाईसा,” गार्डसाहेब ओशाळून म्हणाले, “आखरी डिब्बे के पास.”

जन्मभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसलेला माणूस पाहुण्यालाही शेवटच्या डब्याशीच शोधणार. मी पुढच्या डब्यातून उतरून निघून आले होते.

आमचं बोलणं हिंदीत चालायचं. इथे बहुतेक मराठीत लिहिते, काही वाक्यं त्यांची तशीच ठेवते. मला बाईसा म्हणायचे, घरच्या लेकी-बहिणींना म्हणतात तसं. गवरीबाई नवऱ्यासमोर फारसं बोलत नव्हत्या, पण ताटात काय संपलंय यावर त्यांचा डोळा होता. बाजरीचा जाडजूड सोगरा, म्हणजे आपली भाकरीच, त्यावर खड्डा करून तूप, सोबत केर-सांगरीची भाजी आणि काचरीची आंबटगोड चटणी. तांब्या पुढे करून त्या म्हणाल्या, “पाणी?” माझा हात तांब्यावरच राहिला. इतका स्वच्छ ण आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. मी मराठी घरातली, आणि आई पानी म्हणते. या वाळवंटातल्या बाई आमच्या शाळेच्या बाईंसारखं पाणी म्हणतात. ळसुद्धा त्यांच्याकडे आहे, ‘सगळो’ म्हणतात तर ऐकून घरच्यासारखं वाटतं. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तशा घरोघरी सांडलेल्या आणि उचललेल्या भाषा असाव्यात.

जेवताना मी विषय काढला नाही. त्यांनीही नाही.

इन्स्टिट्यूट

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये घेऊन गेले. एके काळी तिथे बॅडमिंटन चालायचं, नाटकं व्हायची, होळीला सगळी वसाहत जमायची. आता एका खोलीत त्यांचे जुने कॉम्प्युटर आहेत, बाकी इमारतीत पारवे. खोली मात्र झाडूनपुसून लख्ख. भिंतीवर हिरवा आणि लाल असे दोन बावटे गुंडाळून ठेवलेले होते.

चालताना मी गावाबद्दल विचारत होते. आमच्या आजोबांची मिठागरात मजुरी होती हे सांगितलं तेव्हा ते थांबले. म्हणाले, “फिर तो अपना एक ही माल है.” त्यांनीही तरुणपणी मिठाच्याच वॅगनी नेल्या होत्या. मी सांगितलं, आमची मिठागरं बुजवली, त्यावर सेक्टर आले, टॉवर आले, आता बोनकोडे गाव शोधायचं तर सोसायट्यांच्या मधून गल्लीत शिरावं लागतं. त्यांना आश्चर्य वाटलं. माणसं येऊनही गाव संपतं हे त्यांना नवीन होतं. त्यांच्याकडे माणसं गेली म्हणून संपत होतं.

खोलीत बसल्यावर मी धीर करून विचारलं, “गार्डसाहेब, सूचना का लावत नाही?”

त्यांनी समोरच्या पडद्यावर भारताचा नकाशा उघडला. हा त्यांनी स्वतः बनवलेला. जिथे कुणी झरोका उघडेल तिथे एक हिरवा ठिपका लागतो. एके काळी हा नकाशा मी घरी पाहिला होता, तेव्हा तो पावसाळ्यात हिरवळीने माळ भरावा तसा भरलेला असायचा. आता सगळा काळा होता.

“रेल्वेत गाडी स्टेशनात शिरली म्हणजे आली, असं मानत नाहीत,” ते म्हणाले. “शेवटच्या डब्याच्या मागे एक पाटी टांगलेली असते. ती टांगणं गार्डचं काम. स्टेशनवरचा माणूस ती पाटी आपल्या डोळ्यांनी बघतो आणि मगच सांगतो, गाड़ी पूरी आयी. पाटी दिसली नाही तर समजायचं, डबे तुटून मागे कुठेतरी राहिलेत. तोवर त्या मार्गावर दुसरी गाडी सोडायची नाही आणि मार्ग बंदही करायचा नाही.”

“आणि?”

“आणि झरोक्याची गाडी अजून पूर्ण आलेली नाही. बाहेरचे सगळे गेले, बरोबर आहे. पण रातासरमध्ये तिघं अजून आहेत. मास्टरजी, रहमतभाई, आणि,” ते जरा थांबले, “घरची.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. गवरीबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. मुली लग्न होऊन गेल्यावर त्यांना अक्षरं शिकायची इच्छा झाली. पुस्तकातली हिंदी त्यांना परकी वाटायची. तेव्हा गार्डसाहेबांनी झरोक्याची बटणं मारवाडीत केली, आणि शब्द गवरीबाईंनीच दिले. मागे जाण्याच्या बटणावर ‘पाछो’, पुढे जाण्याच्या ‘आगै’, मुख्य पानाला ‘घरै’. स्वतः बोललेला शब्द पडद्यावर दिसायचा, तो ओळखीचा, म्हणून अक्षरंही ओळखीची झाली. त्या पहिलं अक्षर ‘पाछो’मधलं शिकल्या. आता रोज सकाळी देवपूजा झाली की त्या घरच्या कॉम्प्युटरवर झरोका उघडतात आणि बातम्या वाचतात.

“दुसऱ्या ब्राउझरवर ‘पाछो’ नाही,” गार्डसाहेब म्हणाले. “मी बंद करीन आणि तिचं वाचणं जाईल. लोकं आत असताना मार्ग बंद करणारा गार्ड नाही मी.”

मी भेगेबद्दल बोलले. ते सगळं त्यांना माझ्याहून नीट माहीत होतं. उलट भीती त्यांनाच जास्त होती, कारण उद्या काही झालं तर घात बायकोचाच व्हायचा. उघडं ठेवावं तर धोका, बंद करावं तर हा असा घाव. त्या कात्रीत हा माणूस कित्येक महिने बसला होता, आणि आम्ही तिकडून त्यांना आळशी म्हणत होतो.

शेवटी एवढं ठरलं की आधी मास्टरजी आणि रहमतभाईंकडे जाऊन त्यांना दुसरा ब्राउझर घालून द्यायचा. तिसऱ्याचं मग बघू.

मास्टरजी म्हणजे बंद पडलेल्या रेल्वे शाळेचे शेवटचे हेडमास्तर. त्यांनी ताक आणि गूळ पुढे केला, गार्डसाहेबांना पलंगावर बसवलं आणि मला कॉम्प्युटर दाखवायला आतल्या खोलीत नेलं. तिथे पाहते तर दुसरा ब्राउझर आधीपासून होता, झरोक्याच्या शेजारीच. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. “कधीमधी झरोकापण उघडतो,” ते कुजबुजले. “त्यांच्या नकाशावर दिसतं ना.”

रहमतभाईंची शिलाईची दुकानवजा खोली बाजारात आहे. त्यांच्या वडिलांनी रेल्वेचे बावटे शिवले, ते आता दप्तरं शिवतात. तिथेही तोच प्रकार. सगळा व्यवहार फोनवर, आणि झरोका फक्त गार्डसाहेबांच्या मानासाठी. दोन्हीकडे मी मुकाट्याने झरोका काढला आणि बाहेर येऊन म्हटलं, “झालं.” गार्डसाहेबांनी मान डोलावली. बाहेर पडताना त्यांची चाल थोडी सुटी झाली होती, मला मात्र आत काहीतरी टोचायला लागलं होतं. गावाने या माणसाशी एक प्रेमळ खोटेपणा चालवला होता, आणि हा माणूस त्याच खोटेपणासाठी धोका उशाशी घेऊन बसला होता.

चुलीपाशी

संध्याकाळी मी तांदळाचं पीठ काढलं. गवरीबाईंना म्हटलं, आज आमची भाकरी खा. उकड काढून मळली आणि पाण्याचा हात लावून थापायला घेतली तर त्या बघतच राहिल्या. “इत्ती पातळी?” मग त्यांनी बाजरीचं पीठ घेतलं आणि दोन्ही तळहातांवर, परातीला न लावता, सोगरा थापायला लागल्या. मला ते काही जमेना. माझा सोगरा तव्यापर्यंत पोचायच्या आतच मोडला. गवरीबाई पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या.

गार्डसाहेब अंगणात सायकलला तेल घालत होते. त्यांच्याकडे एकदा पाहून गवरीबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “बाईसा, थे झरोको बंद करण नै आया हो नी?”

तुम्ही झरोका बंद करायलाच आलात ना? मी हो म्हटलं. खोटं बोलायला जीभ वळली नाही.

“ओ बंद व्है जासी तो वै कांईं करैला?” बंद झाला तर ते काय करतील? त्यांच्या हातातला सोगरा फिरायचा थांबला होता. “नोकरी संपली तेव्हा दोन महिने बोलले नाहीत. मग त्या नकाशापाशी बसायला लागले. सकाळी उजाडायच्या आधी उठतात आणि खुर्ची घेऊन बसतात. एक तरी हिरवा ठिपका लागला की चहा पितात. आधी खूप लागायचे. मग कमी झाले. मग मी लावायला लागले.”

“तुम्ही बातम्या वाचता ना त्यावर?”

“म्हैं तो सगळो फोन माथै देख लूं.” कंबरेला खोचलेला फोन त्यांनी मला दाखवला. बातम्या, मुलींचे फोटो, भजनं, सगळं त्यावर. हिंदी आता सरसर वाचता येते. “तो झरोका मी फक्त उघडते, दोन-चार वेळा पाछो-आगै करते आणि बंद करते. वांनै ठा कोनी.” त्यांना माहीत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे दोघांच्याही काखेत कळसा होता आणि दोघंही तो एकमेकांपासून लपवत होते. मला रडू आलं. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा भानावर आले. हे माझ्या पोटात ठेवणं बरं की सांगून टाकणं, याचा विचार करायला मला वेळ मिळाला असता तर कदाचित मी गप्प बसले असते. पण तोंडातून गेलंच. “गवरीबाई, ते तुमच्यासाठी बंद करत नाहीयेत. तुमचं वाचणं जाईल म्हणून.”

“म्हारै वास्तै?” त्या म्हणाल्या. माझ्यासाठी?

जेवणं झाली. गार्डसाहेबांनी तांदळाच्या भाकरीचं मनापासून कौतुक केलं. गवरीबाई वाढत राहिल्या.

सकाळ

सकाळी जाग आली तेव्हा बाहेर उजाडत होतं. बाहेरच्या खोलीत गार्डसाहेब खुर्चीवर बसले होते, समोर घरच्या एका पडद्यावर तोच काळा नकाशा. मीही कोपऱ्यात जाऊन बसले. आतल्या खोलीत गवरीबाईंची पूजा चालली होती, घंटी ऐकू येत होती. घंटी थांबली. नेहमी त्यानंतर त्या शेजारच्या खोलीतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर झरोका उघडत.

ठिपका लागला नाही.

गार्डसाहेबांनी मान पुढे केली. मग उंदीर, म्हणजे माउस, हलवून पाहिला. पुसायच्या फडक्याने पडदा पुसला. मी जमिनीकडे बघत होते. मग गवरीबाई चहाचा पेला घेऊन आल्या. पेला त्यांच्यासमोर ठेवला आणि खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या.

“आज खोल्यो कोनी?” गार्डसाहेबांनी विचारलं. आज उघडला नाहीस?

“नीं,” त्या म्हणाल्या. आणि मग, गार्डच्या बायकोने आयुष्यभर ऐकलेलं वाक्य त्यांनी स्वतः म्हटलं. “गाडी पूरी आयगी. लारै कोई कोनी.” गाडी पूर्ण आली. मागे कुणी नाही.

गार्डसाहेबांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. “कद सूं?” कधीपासून?

“ठिपका कम हुया जद सूं.” ठिपके कमी झाले तेव्हापासून.

ते उठले आणि बाहेर गेले. चहा तसाच राहिला. खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, आपण कुठून आलो इथे. आम्ही दोघी खोलीत बसून राहिलो. गवरीबाईंचे हात मांडीवर होते आणि त्या ते पुन्हा पुन्हा पुसत होत्या. अंगणात गार्डसाहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांची पाठ दिसत होती.

बऱ्याच वेळाने ते आत आले. डोळे धुतलेले होते. कुणाकडेही न बघता खुर्चीत बसले, गार झालेला चहा एका दमात प्यायले आणि म्हणाले, “क्या लिखना है, बोलो बाईसा.”

सूचना तीन भाषांत लिहायची ठरली. हिंदी त्यांनी लिहिली, सरकारी पद्धतीची, नेमकी, कोणता ब्राउझर घ्यावा वगैरे सांगणारी. मारवाडीसाठी ते गवरीबाईंकडे वळले. त्यांनी सांगायचं नाकारलं. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतः लिहिलं: झरोको अबै बंद है. गाडी पूरी आयगी. लारै कोई कोनी.

मराठीची पाळी आली. मी पूर्वीच्या सवयीने लिहायला लागले, ‘झरोका ही सेवा आता बंद करण्यात येत आहे’. गार्डसाहेबांनी ते वाचलं. म्हणाले, “ये तो ऑफिस का हो गया. आपके घर में कैसे बोलते हैं?”

आमच्या घरात कसं बोलतात ते मी कधीच कुठे लिहिलं नव्हतं. झरोक्याच्या मराठीतही नाही, तिथे सगळं शाळेसारखं शुद्ध होतं, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. पण त्या वेळी आई समोर बसली आहे असं समजून लिहिलं: झरोका आता बंद केला. गारी पुरी आली. मागं कोनी नाय.

दोन्ही ओळी एकाखाली एक आल्या. गवरीबाईंच्या ओळीतला कोनी म्हणजे नाही, माझ्या ओळीतला कोनी म्हणजे कुणी. मी ते समजावून सांगितलं, पहिल्या दिवशी दार वाजवत बसले होते तेही सांगितलं. गवरीबाई तोंडाला पदर लावून हसल्या. गार्डसाहेबांनाही थोडं हसू आलं. मग त्यांनी किल्ली घातली आणि सूचना लावली. पुण्यात, केरळात, सगळीकडे ती एकाच वेळी दिसली असणार. इथे खोलीत काहीच आवाज झाला नाही.

दुपारच्या गाडीने मी निघाले. पोचवायला दोघंही आले. गार्डसाहेबांनी या खेपेला मला शेवटच्याच डब्यात बसवलं.

बोनकोडे

घरी आल्यावर आईने पहिलं विचारलं, “पानी मिललं?” मी म्हटलं, मिळालं. तिला गवरीबाईंबद्दल सांगितलं. ती म्हणाली, “बायका असंच करतान,” आणि मासे साफ करायला गेली. तिला यात फार नवल वाटलं नाही.

मला मात्र चैन पडेना. आपण येऊन एका माणसाच्या समोरचा शेवटचा दिवा विझवून आलो, असं वाटायचं. फोन करायचं धाडस होत नव्हतं. दोनदा नंबर काढला आणि ठेवला. गार्डसाहेब पुन्हा न बोलते झाले असतील तर, ही भीती होती. शेवटी एका सकाळी, ऑफिसला जायच्या आधी, गवरीबाईंच्या फोनवर लावला. ऊन चांगलं वर आलं होतं, आमच्या समोरच्या सोसायटीतली मुलं शाळेच्या बसमध्ये चढून गेली होती.

गवरीबाई बोलल्या, पण इतक्या हळू की मला नीट ऐकू येईना. “बरं आहे ना सगळं?” मी विचारलं. “हळू का बोलताय?”

“सूता है,” त्या म्हणाल्या. झोपलेत.

“अजून? बरं नाही का त्यांना?”

“चोखा है.” छान आहेत. आणि मग त्या सांगायला लागल्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी नवऱ्याला उजाडल्यावर झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. ड्यूटी असताना नाही, सुटी असताना नाही, निवृत्त झाल्यावरही नाही. झोपेत असले तरी एक कान गाडीकडे. आता गेले काही दिवस ऊन अंगणात येतं तरी उठत नाहीत. पहिल्या दिवशी त्या घाबरल्या, नाकाशी हात धरून पाहिला. श्वास संथ चालला होता.

“आणि चहा?” मी विचारलं.

“वै उठैला जद बणाऊंला,” त्या म्हणाल्या. ते उठतील तेव्हा करीन.

मग आम्ही दोघीही, अकराशे किलोमीटरवरून, खालच्या आवाजात बोलत राहिलो.